पुढच्या दाराने आत गेलेला खेळाडू : वॉल्टर हेगन



गेल्या महिन्यात आम्ही वर्गात ‘माझा आवडता खेळाडू’ हा निबंध लिहायला दिला होता. क्रिकेट, बास्केटबॉल, टेनिस अशा सगळ्या खेळांतली नावे आली. एकाने मात्र गोल्फवर लिहिले, आणि लगेच दुसऱ्याने शंका काढली, की हा तर श्रीमंतांचा खेळ, यात कोणाची गोष्ट सांगण्यासारखी असणार? शंका बरोबर होती. म्हणूनच या अंकात आम्ही अशा एका गोल्फपटूची हकिकत सांगणार आहोत, जो श्रीमंतांच्या क्लबात सामान वाहणारा पोऱ्या म्हणून शिरला आणि पुढे जगातला सर्वांत नावाजलेला गोल्फपटू झाला. त्याने पुष्कळ करंडक जिंकले. पण आम्हाला त्याची आठवण करून द्यायची आहे ती एका दारासाठी. ते दार कोणते, ते पुढे कळेलच.

त्याचे नाव वॉल्टर हेगन.

लोहाराचा मुलगा

न्यूयॉर्क राज्यात, ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठी रॉचेस्टर नावाचे शहर आहे. तेथे २१ डिसेंबर १८९२ रोजी वॉल्टरचा जन्म झाला. घराणे मूळचे जर्मन. वडील रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात लोहारकाम करीत. पाच भावंडांत वॉल्टर दुसरा आणि एकुलता एक मुलगा. बाकी चौघी बहिणी. लोहाराच्या पगारात सात माणसांचे घर चालवायचे म्हणजे ओढाताण असणारच. त्यामुळे मुलाने चार पैसे मिळवले तर घराला ते हवेच होते.

गावात ‘कंट्री क्लब ऑफ रॉचेस्टर’ हा बड्या लोकांचा क्लब होता. त्याच्या गोल्फच्या मैदानावर वॉल्टर लहानपणीच कॅडी म्हणून काम करू लागला. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्याबरोबर चालणारा मुलगा. (गोल्फच्या काठीलाही क्लबच म्हणतात, पण घोटाळा नको म्हणून आम्ही येथे ‘काठी’ म्हणू.) एका फेरीचे दहा सेंट मिळत. कोणी खूश झाला तर वर पाच सेंट बक्षिसी.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोल्फच्या मैदानावर अठरा होल, म्हणजे जमिनीतली लहान भोके असतात. चेंडू काठीने मारत मारत एकेका होलात घालायचा. जो सर्वांत कमी फटक्यांत अठराही होल पूर्ण करील तो जिंकला. मोठ्या स्पर्धांत अशा चार फेऱ्या, म्हणजे बहात्तर होल खेळतात. दुसरीही एक पद्धत आहे. तिच्यात दोघांनीच समोरासमोर खेळायचे आणि कोणी किती होल जिंकले ते मोजायचे. या दोन्ही पद्धती पुढे गोष्टीत येणार आहेत.

पिशवी वाहता वाहता वॉल्टर पाहत असे. कोण पाय कसे ठेवतो, मनगट कसे वळवतो, चुकलेला फटका का चुकला, हे सगळे त्याच्या डोळ्यांत साठत गेले. क्लबच्या शिक्षकाने त्याला हाताशी धरले. वयाच्या विशीत पाऊल टाकेपर्यंत वॉल्टर स्वतःच त्या क्लबचा मुख्य व्यावसायिक झाला होता.

‘व्यावसायिक’ म्हणजे कोण?

येथे जरा थांबून हा शब्द समजून घेऊ, कारण आपल्या गोष्टीचे मर्म त्यात आहे.

आज व्यावसायिक खेळाडू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पैसा, प्रसिद्धी, दूरदर्शनवरच्या जाहिराती येतात. शंभर वर्षांपूर्वी तसे नव्हते. तेव्हा खेळ आवडीसाठी खेळावा, पैशासाठी नाही, असे प्रतिष्ठित लोक मानत. जो पैसे न घेता खेळे तो हौशी. हौशी खेळाडू बहुधा खाऊनपिऊन सुखी घरातला असे. जो खेळावर पोट भरी तो व्यावसायिक, आणि त्याची गणना क्लबच्या नोकरमाणसांत होई. सभासदांना खेळ शिकवणे, काठ्या तयार करणे, मोडलेल्या काठ्या दुरुस्त करणे, दुकान सांभाळणे ही त्याची कामे. क्लबहाऊस, म्हणजे जेथे सभासद कपडे बदलत, जेवत, गप्पा मारत ती इमारत, त्याला बहुतेक ठिकाणी बंद असे. पुढच्या दाराने आत जायची त्याला मुभा नव्हती.

इंग्लंडात तर हा भेद कागदावरही उतरत असे. स्पर्धेच्या यादीत हौशी खेळाडूच्या नावामागे ‘मिस्टर’ लावत. व्यावसायिकाचे मात्र नुसते आडनाव. म्हणजे एकच स्पर्धा, एकच मैदान, पण एक झाला ‘श्रीयुत’ आणि दुसरा नुसताच अमका. गंमत अशी, की खेळात बहुधा हे ‘नुसते अमके’च पुढे असत.

पहिले मोठे यश

अमेरिकेची राष्ट्रीय खुली स्पर्धा, यू. एस. ओपन, १८९५ साली सुरू झाली. पहिली कितीतरी वर्षे ती ब्रिटनमधून आलेले खेळाडूच जिंकत. अमेरिकेत जन्मलेला पहिला विजेता झाला जॉनी मॅकडरमॉट, १९११ साली. तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षीही तोच जिंकला. १९१३ मध्ये बोस्टनजवळच्या ब्रुकलाइन येथे फ्रान्सिस विमेट या वीस वर्षांच्या हौशी तरुणाने हॅरी व्हार्डन आणि टेड रे या दोन इंग्रज दिग्गजांना हरवले. त्याची बातमी देशभर गाजली. विमेटही लहानपणी कॅडीच होता.

त्याच १९१३ च्या स्पर्धेत रॉचेस्टरचा एक अनोळखी तरुण, भडक रंगाचा रुमाल गळ्यात बांधून, चौथ्या क्रमांकाच्या बरोबरीत आला. अव्वल तिघांच्या मागे तो फक्त तीन फटके होता. तो आपला हेगन.

तरीही गोल्फच आपले आयुष्य, असे त्याने अजून ठरवले नव्हते. तो बेसबॉलही उत्तम खेळे आणि फिलाडेल्फियाच्या मोठ्या संघात शिरण्याचे त्याच्या मनात होते. १९१४ साली रॉचेस्टरमधल्या एका हितचिंतकाने प्रवासखर्च देऊन त्याला पुन्हा यू. एस. ओपनला पाठवले. स्पर्धा शिकागोजवळच्या मिडलोथियन क्लबात होती. आदल्या रात्री त्याने समुद्रातले काहीतरी खाल्ले आणि ते बाधले. रात्रभर पोटात कळा. सकाळी उभे राहणेही कठीण झाले होते. तसाच तो मैदानात उतरला आणि ६८ फटक्यांत फेरी पूर्ण केली! चार फेऱ्यांनंतर त्याचे फटके झाले २९०. शिकागोचाच लाडका हौशी खेळाडू चिक इव्हान्स त्याचा पाठलाग करीत शेवटच्या होलपर्यंत आला, पण एका फटक्याने मागे राहिला. वयाच्या एकविसाव्या वर्षी हेगन राष्ट्रीय विजेता झाला. बेसबॉल तेथेच सुटला.

१९१९ साली मॅसॅच्युसेट्समधील ब्रे बर्न येथे त्याने हीच स्पर्धा पुन्हा जिंकली. माइक ब्रेडी आणि तो ३०१ फटक्यांवर बरोबरीत होते. दुसऱ्या दिवशी दोघांत जादा फेरी झाली आणि हेगन ७७ विरुद्ध ७८, म्हणजे पुन्हा एकाच फटक्याने जिंकला.

त्यानंतर त्याने जे केले ते ऐकून घरोघरच्या आईवडिलांच्या पोटात गोळाच येईल. डेट्रॉइटजवळच्या ओकलंड हिल्स क्लबात त्याला चांगली नोकरी होती. ती त्याने सोडली! क्लबची नोकरी न करता, फक्त स्पर्धा आणि तिकीट लावून केलेले प्रदर्शनी सामने यांवर जगायचे, असे त्याने ठरवले. असे जगणारा पहिला मोठा गोल्फपटू तोच मानला जातो. त्याच्या रिकाम्या जागेवर कोण आले? त्याने नुकताच हरवलेला माइक ब्रेडी! हरलेल्या ब्रेडीला स्थिर नोकरी मिळाली, आणि जिंकलेला हेगन बिननोकरीचा रस्त्यावर उतरला.

क्लबहाऊससमोर उभी राहिलेली मोटार

१९२० साली हेगन इंग्लंडला गेला. जगातली सर्वांत जुनी गोल्फ स्पर्धा, ज्याला आपण ब्रिटिश ओपन म्हणतो, ती त्या वर्षी केंट परगण्यात डील या समुद्रकाठच्या गावी होती. दोन वेळचा अमेरिकन विजेता आला म्हणून वर्तमानपत्रांत त्याचे नाव झळकत होते. पण डीलच्या क्लबहाऊसमध्ये व्यावसायिकांना प्रवेश नव्हता. कपडे बदलायचे असतील तर क्लबच्या व्यावसायिकाच्या दुकानात बदला, असे त्याला सांगण्यात आले.

हेगनने भांडण केले नाही. त्याने एक भारी मोटार, चालकासह, भाड्याने घेतली आणि रोज ती क्लबहाऊसच्या अगदी समोर उभी करू लागला. मोटारीतच तो कपडे बदली, बूट चढवी आणि ऐटीत खेळायला जाई. खिडक्यांतून पाहणाऱ्या सभासदांना दिवसभर ती मोटार दिसत राही. दार उघडत नाही म्हणून मागे फिरण्याऐवजी त्याने दारातच आपले बिऱ्हाड थाटले!

आता वाटेल, की एवढी ऐट केल्यावर त्याने स्पर्धाही जिंकली असेल. मुळीच नाही. समुद्रावरचा वारा, उघडी उंचसखल जमीन, सारेच त्याला नवे होते. उंच फटका मारावा तर वारा तो भलतीकडे नेई. हेगन ५३ व्या क्रमांकावर आला. अनेकांना मनातून बरे वाटले असणार. पण या माणसाचे वैशिष्ट्य असे, की हरल्यावर त्याचे तोंड उतरत नसे. येथे वाऱ्याखालून, जमिनीलगत चेंडू मारायला शिकले पाहिजे, एवढे त्याने ओळखले आणि पुन्हा येण्याचे ठरवले. तेथून तो फ्रान्सला गेला आणि त्याच उन्हाळ्यात फ्रेंच ओपन जिंकून परतला.

एक घड्याळ

त्याच १९२० सालच्या ऑगस्टमध्ये ओहायो राज्यातील टोलेडो शहरी, इन्व्हर्नेस क्लबात यू. एस. ओपन भरली. या क्लबाने एक वेगळी गोष्ट केली. व्यावसायिक खेळाडूंसाठी आपल्या क्लबहाऊसचे दार उघडले. कपडे बदलायला खोल्या, जेवायला टेबल, सगळे सभासदांप्रमाणे. राष्ट्रीय स्पर्धेत असे पहिल्यांदाच घडत होते.

खेळाडूंना ते इतके लागले, की त्यांनी आपापसात वर्गणी काढली. हेगन त्यात पुढे होता. त्या पैशांतून त्यांनी एक उंच, घंटा वाजणारे घड्याळ घेऊन क्लबला आभार म्हणून भेट दिले. आजही ते घड्याळ इन्व्हर्नेसच्या क्लबहाऊसमध्ये उभे आहे. आम्हाला या सगळ्या चरित्रात हा प्रसंग फार आवडतो. डीलला दार बंद होते तेव्हा हेगनने सर्वांना दिसेल असा निषेध केला. टोलेडोला दार उघडले तेव्हा त्याच माणसाने सर्वांना ऐकू जाईल असे आभार मानले.

चार वेळा ब्रिटिश विजेता

ठरवल्याप्रमाणे तो इंग्लंडला पुन्हा पुन्हा गेला. १९२२ साली सँडविच येथील रॉयल सेंट जॉर्जेस मैदानावर तो ब्रिटिश ओपन जिंकला. आदल्या वर्षीचा विजेता जॉक हचिसन अमेरिकेचा नागरिक होता, पण जन्माने स्कॉटिश. अमेरिकेत जन्मून ही स्पर्धा जिंकणारा पहिला खेळाडू म्हणजे हेगन. बक्षिसाची रक्कम त्याने तिथल्या तिथे आपल्या कॅडीला देऊन टाकली. दहा सेंटांसाठी पिशवी वाहण्याचे दिवस तो विसरला नव्हता.

१९२३ साली स्कॉटलंडमधील ट्रून येथे तो एका फटक्याने दुसरा आला. स्पर्धेचे सर्व दिवस तेथील क्लबहाऊस व्यावसायिकांना बंद होते. बक्षीस समारंभासाठी मात्र त्याला आत बोलावण्यात आले. हेगनने नम्रपणे नकार दिला. माझ्या बरोबरीच्या खेळाडूंना जेथे आठवडाभर प्रवेश नव्हता तेथे मी शेवटच्या पाच मिनिटांसाठी येणार नाही, असा त्याचा भाव होता. जमलेल्या प्रेक्षकांना त्याने आपल्याबरोबर जवळच्या खाणावळीत चलण्याचे आमंत्रण दिले आणि लोक आनंदाने गेले.

१९२४ साली होयलेक येथे तो पुन्हा विजेता झाला, पुन्हा एकाच फटक्याने. मग आला १९२८. या वर्षाची गोष्ट तर प्रत्येक परीक्षेच्या आदल्या रात्री आठवावी अशी आहे. हेगन इंग्लंडात उतरला आणि उतरल्याबरोबर आर्ची कॉम्प्स्टन या धिप्पाड इंग्रज खेळाडूशी बहात्तर होलांचा सामना खेळला. त्यात तो असा हरला, की तसे हरणे क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल. सतरा होल खेळायचे बाकी होते आणि कॉम्प्स्टन अठरा होलांनी पुढे होता! लोक म्हणू लागले, हेगन संपला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, सँडविचच्याच मैदानावर ब्रिटिश ओपन झाली. हेगन पहिला, जीन सॅराझेन दुसरा आणि कॉम्प्स्टन तिसरा! त्याला करंडक द्यायला खुद्द ब्रिटनचे युवराज आले होते. १९२९ साली म्युअरफील्डला तो चौथ्यांदा जिंकला, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू सहा फटके मागे होता.

चुकांचा हिशेब

हेगनचा खेळ पाहायला देखणा नव्हता. त्याचा चेंडू पुष्कळदा झाडीत जाई, वाळूत जाई. पण गुंडाळी सुटल्यासारखा तो खेळत नसे. प्रत्येक फेरीत आपले पाच-सात फटके तरी वाईट जाणारच, हे तो मनाशी आधीच धरून चाले. म्हणून वाईट फटका गेला की तो चिडत नसे. ठरलेल्यांपैकी एक झाला, असे समजून तो पुढच्या फटक्याकडे वळे. समोरच्याला वाटे, आता हा गेला. आणि हा झाडीतून चेंडू काढून, हिरवळीवर एकच हळुवार टोला देऊन होल बरोबरीत सोडवी. समोरचा मात्र त्यामुळे गांगरून जाई.

म्हणूनच समोरासमोरच्या खेळात त्याला हरवणे फार अवघड होते. व्यावसायिकांची राष्ट्रीय स्पर्धा, पी. जी. ए. चँपियनशिप, तेव्हा याच पद्धतीने खेळत. हेगनने ती १९२१ साली जिंकली आणि नंतर १९२४, १९२५, १९२६, १९२७ अशी लागोपाठ चार वर्षे. त्या काळात तो ओळीने २२ सामने जिंकला. १९२८ साली लिओ डीगेलने ही साखळी तोडली.

त्या करंडकाचीही एक फजिती आहे. १९२८ मध्ये नव्या विजेत्याला द्यायची वेळ आली, तेव्हा करंडक सापडेना! तो आपण मागेच एका टॅक्सीवाल्याजवळ हॉटेलवर पोचवायला दिला होता आणि मग तो हरवला, असे हेगनने कबूल केले. आपणच दर वर्षी जिंकतो आहोत, तेव्हा विचारणार कोण, असे त्याला वाटले असावे. पुढे डेट्रॉइटमध्ये, त्याच्या नावाच्या काठ्या बनवणाऱ्या कंपनीच्या तळघरात तो करंडक सापडला.

१९२६ साली त्याचा आणि बॉबी जोन्सचा फ्लोरिडात सामना झाला. जोन्स हा त्या काळचा सर्वांत मोठा हौशी खेळाडू. वृत्तीने सभ्य, शिकलेला, खेळ अगदी निर्दोष. एक हौशी, एक व्यावसायिक. देशाचे लक्ष त्या सामन्याकडे लागले होते. बहात्तर होलांच्या त्या लढतीत अकरा होल बाकी असतानाच हेगन बारा होलांनी पुढे गेला आणि सामना संपला. मिळालेल्या पैशांतून त्याने तेथील रुग्णालयाला देणगी दिली आणि जोन्सला शर्टाची सुंदर बटणे भेट दिली. दोघांचा एकमेकांबद्दलचा आदर कायम राहिला.

अमेरिका आणि ब्रिटन यांच्या व्यावसायिक खेळाडूंमधली रायडर कप स्पर्धा १९२७ साली सुरू झाली. पहिल्या सहाही वेळा, म्हणजे १९३७ पर्यंत, अमेरिकेचा कर्णधार हेगनच होता. त्यांतील चार वेळा त्याचा संघ जिंकला. ज्यांच्या नावामागे ‘मिस्टर’ लावत नसत, ते आता आपापल्या देशाचे प्रतिनिधी म्हणून खेळत होते.

दुसरी बाजू

चरित्र सांगताना फक्त गोड तेवढे सांगायचे, हे आम्हाला पटत नाही. हेगन हा काही आदर्श गृहस्थ नव्हता. पैसा येई तसा जाई. उंची कपडे, मोटारी, मेजवान्या, रात्रीची जागरणे, दारू यांचा त्याला षोक होता. त्याची दोन लग्ने झाली आणि दोन्ही मोडली. सामन्याला उशिरा येऊन समोरच्याला ताटकळत ठेवणे हेही तो करी, आणि ते कौतुक करण्यासारखे नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हेगनच्या काळात व्यावसायिकांसाठी जे दार उघडले, ते सगळ्यांसाठी उघडले नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेनेच १९३४ साली नियम केला, की सभासद फक्त गोऱ्या वंशाचाच असावा. हा नियम १९६१ पर्यंत टिकला. चार्ली सिफोर्डसारख्या कृष्णवर्णीय खेळाडूंची उमेदीची वर्षे या नियमाने खाल्ली. ज्यांना स्वतःला काल दाराबाहेर उभे केले होते, त्यांच्याच संघटनेने आज दुसऱ्यांना बाहेर उभे केले. माणूस आपल्यावरचा अन्याय विसरत नाही, पण दुसऱ्यावर तो करताना त्याला तसे वाटत नाही. ही गोष्ट मुलांइतकीच आम्हा मोठ्यांनीही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

शेवट

पुढे हेगनचा खेळ हळूहळू मंदावला. तो मिशिगन राज्यात, ट्रॅव्हर्स सिटीजवळ एका तळ्याकाठी राहायला गेला. मासे पकडावे, जुने मित्र आले की गप्पा माराव्या, असे त्याचे दिवस जात. १९५६ साली त्याचे आत्मचरित्र निघाले. घशाच्या कर्करोगाने तो आजारी पडला.

१९६८ साली एक पत्र आले. स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूजचा ‘रॉयल अँड एन्शंट’ हा गोल्फमधला सर्वांत मानाचा क्लब. ब्रिटिश ओपन स्पर्धाही तेव्हा तोच भरवीत असे. त्या क्लबाने हेगनला मानद सभासद करून घेतले. डीलला मोटारीत कपडे बदलल्याला तेव्हा ४८ वर्षे झाली होती. इतक्या उशिरा का होईना, पुढचे दार उघडले, आणि तेही सन्मानाने बोलावून. पुढच्याच वर्षी, ६ ऑक्टोबर १९६९ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

दोन यू. एस. ओपन, चार ब्रिटिश ओपन, पाच पी. जी. ए. अशा एकूण ११ प्रमुख स्पर्धा हेगनने जिंकल्या. व्यावसायिक खेळाडूंत त्याच्यापुढे फक्त दोन नावे आहेत : जॅक निक्लाउस (१८) आणि टायगर वुड्स (१५). आणि यांतला टायगर वुड्स कोण, हे तुम्हाला सांगायला नको. १९६१ पूर्वी जन्मून व्यावसायिक झाला असता, तर त्याला त्या संघटनेत पाऊलही ठेवता आले नसते.

तेव्हा मुलांनो, गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ का, या प्रश्नाचे उत्तर काय? मैदाने श्रीमंतांची होती हे खरे. पण ते खेळून दाखवणारे पुष्कळजण पिशव्या वाहणाऱ्या मुलांतूनच आले. काम कोणतेही असो, ते करणाऱ्याला पुढच्या दाराने आत येऊ द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती. आपल्या घरी नळ दुरुस्त करायला कोणी येतो, शाळेत झाडलोट करायला कोणी येतो. त्यांना आपण कसे बोलावतो, नावाने की नुसतेच ‘ए’ म्हणून, हे या आठवड्यात जरा पाहा.

घरी बोलण्यासाठी प्रश्न

१. डीलला हेगनने भांडण न करता निषेध कसा केला? तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केले असते?

२. खेळाडूंनी इन्व्हर्नेस क्लबला घड्याळ का दिले?

३. आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना विचारा : तुम्हाला कधी कुठे दाराबाहेर थांबावे लागले होते का? आणि आपण कधी कोणाला थांबवले का? त्यांचे उत्तर पाच ओळींत लिहून पुढच्या वर्गाला आणा.